आकृती गाळली आहे

१४ जून

आत्या,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "बोललेलं हवेत जातं, पत्र लिही" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं ब्रेलच्या छापखान्यात काढलेल्या बाईचा कागदावर जीव असणारच, माझी तक्रार नाही.

नोकरीला लागून दहा दिवस झाले. शाळा साधीच आहे, डोळस मुलांची. तिच्यात न दिसणारी किंवा कमी दिसणारी चार मुलं आहेत आणि त्यांच्या अभ्यासाला मदत करायला मला नेमलंय. माझ्या खोलीवर 'आधार कक्ष' अशी ब्रेलमध्ये पाटी आहे. ती दाराच्या वरच्या चौकटीला ठोकलीय, मी स्टुलावर चढून वाचली. आत अक्षरं मोठी करून दाखवणारं यंत्र आहे. त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, कारण वापरलं तर खराब होईल. मुख्याध्यापकांना सगळ्यांत अभिमान आहे तो जिन्याजवळच्या उठावदार नकाशाचा. मुलांनी हाताने चाचपावा म्हणून तो मागवला आणि धूळ बसते म्हणून काचेत बसवला.

दहावीत एक मुलगी आहे, जन्मापासून न दिसणारी. इतके प्रश्न विचारते की तिला सगळे शंकासुर म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तिचा हात धरून काचेवर ठेवला. तिने काच चाचपली आणि विचारलं, "सर, सगळं जग इतकं सपाट आहे?" सर मला म्हणाले, पोरगी हुशार आहे हो.

या पोरीसाठीच लिहितेय. विज्ञानाच्या सरांनी तिच्यासाठी एक फॉर्म काढून ठेवलाय. तो भरला की परीक्षेत आकृत्यांच्या प्रश्नांतून सूट मिळते. वर मोठ्या अक्षरांत दया आहे, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की सूट घेतलेल्याला दहावीनंतर विज्ञान घेता येणार नाही. मुदत एकतीस ऑगस्ट. तिला ध्वनीचं शास्त्र शिकायचंय. ती भिंतीवर टिचकी मारून सांगते की पलीकडे खोली आहे की मोकळं. आणि तिला या फॉर्मबद्दल कोणी विचारलेलंसुद्धा नाही.

सांग, काय करू? एक बरं आहे, विज्ञानाचं ब्रेल पुस्तक तुझ्याच छापखान्याचं आहे, सहा वर्षांपूर्वीचं, सात जाडजूड खंड. उद्यापासून तेच उघडतोय.

तुझी भाची


२१ जून

पोरी,

तुझा मुख्याध्यापक उंटावरचा शहाणा आहे. असले मी एकतीस वर्षांत पोत्याने पाहिले. छापखाना बघायला यायचे, हार घालून घ्यायचे, पुस्तक उलटं धरून फोटो काढायचे आणि जाताना म्हणायचे, "धन्य आहे तुमची!" धन्य कशाबद्दल? आम्ही तिथे पगार घेऊन नोकरी करत होतो.

विज्ञानाचा मास्तर तिच्याशी ओरडून बोलतो की नाही, ते तू लिहिलं नाहीस. बोलत असणार. या लोकांना वाटतं डोळे गेले की कानही जातात आणि अक्कल तर आधीच गेलेली असते. आपण सोडून सगळ्यांना कमी आहे, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक.

फॉर्मवर सही करू नकोस आणि कोणाला करू देऊ नकोस. दया दाखवून वाट अडवायची ही जुनी खोड आहे. मास्तरला आकृती शिकवायचा कंटाळा, म्हणून पोरीला सूट.

पुस्तकाची चिंता नको. आमच्या छापखान्यातून चुकीचं पान बाहेर गेलेलं नाही. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी मी अख्खं पान फाडून पुन्हा करायची. मुली मला मागे काय काय म्हणायच्या, ते मला ऐकू यायचं. ते पुस्तक पोरीच्या हातात दे आणि बाजूला हो.

यंत्रावरचं प्लास्टिक फाडून टाक. ओरडले तर माझं नाव सांग.

आत्या


९ जुलै

आत्या,

प्लास्टिक फाडलं. दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही, तेवढीच शांतता. आणि हो, विज्ञानाचे सर ओरडूनच बोलतात. काल शंकासुर त्यांना म्हणाली, "सर, मी पहिल्याच बाकावर आहे."

आता मुख्य गोष्ट, आणि तुला ती आवडणार नाही. आम्ही पुस्तक उघडलं. मानवी डोळ्याचा धडा. शंकासुरची बोटं भराभर पुढे गेली आणि थांबली. तिने मोठ्याने वाचलं, "आकृती गाळली आहे." पुढच्या पानावर भिंगाची आकृती गाळली आहे. मग ध्वनिलहरींची. मग कानाची. आम्ही दोघींनी दोन आठवडे बसून सातही खंड तपासले आणि गाळलेल्या आकृत्यांची यादी केली. एकशे त्रेचाळीस वेळा तेच वाक्य, त्याच तीन शब्दांत, एकही ठिपका न चुकता. पोरीला ते इतकं पाठ झालंय की मधल्या सुट्टीत डबा विसरलेल्या मैत्रिणीला म्हणते, "डबा गाळला आहे."

ती हसते, मला हसू येत नाही. कारण मुख्याध्यापकांना हे कळलं आणि त्यांना आनंद झाला. म्हणाले, "बघा बाई, हे तर त्या विषयातले तज्ज्ञ! त्यांनाच आकृत्या जमल्या नाहीत, तर आमच्या सरांना का दोष देता?" फॉर्मसोबत पुरावा म्हणून त्यांनी पुस्तकाचं एक पान जोडलंय. तुमच्या छापखान्याचं.

शेवटच्या पानावर लिप्यंतर करणाऱ्याचा फक्त क्रमांक आहे. क्रमांक चार. कोण गं ही क्रमांक चार? तुझ्या हाताखालची कोणी असेल तर तिला माझ्याकडून सांग की आळशी माणसं खूप पाहिली, पण आळस इतका शुद्ध लिहिणारी पहिलीच.

तुझी भाची


१५ जुलै

पोरी,

क्रमांक चार कोण ते आता आठवत नाही. बायका खूप होत्या, क्रमांक बदलायचे.

बाहेर बसून बोलणं सोपं असतं. सहा कळांचं यंत्र, दिवसाला ठरलेली पानं, वर साहेब डोक्यावर उभा. त्या यंत्रावर ठिपके उमटतात, चित्रं नाही. आकृती करायची तर हाताने करावी लागते आणि एका आकृतीत दोन दिवस जातात. तेवढ्यात वीस पानं होतात आणि वर्ग सुरू व्हायच्या आत पुस्तक पोचतं. न पोचलेल्या पुस्तकापेक्षा गाळलेली आकृती बरी, असं तेव्हा ठरलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नकोस.

मुख्याध्यापकाला सांग की पुरावा म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याचं पान जोडावं, तेही कोरंच निघेल.

गाळलेल्या आकृत्यांची यादी केलीय म्हणालीस. ती पाठव. सगळी. पहिल्या टपालाने.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

पार्सल मिळालं. उघडलं आणि शिक्षकांच्या खोलीत गर्दी झाली. चौदा आकृत्या! लोकरीच्या डोळ्याला रेशमी धाग्याच्या पापण्या, भिंगाला काचकागद, कानाच्या आतली शंखाची वळणं मण्यांनी, आणि हृदयात रक्ताच्या दोन जातींना दोन वेगवेगळे टाके. तुझी बोटं अजून तशीच आहेत. चित्रकलेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्याध्यापकांनी लगेच मापं घेतली. त्यांना त्या काचेत लावायच्यात.

मग शंकासुर आली. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. पण तूच मला शिकवलंस की चुकीचं पान फाडायचं, लपवायचं नाही. ती डोळ्याच्या आकृतीवर पंधरा मिनिटं बोटं फिरवत बसली. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाली, "भरतकाम छान आहे. पण हे आहे काय?" मी सांगितलं, डोळा. ती म्हणाली, "इथे तर दहा गोष्टी एकदम बोलतात. भिंग कुठे संपतं आणि पापणी कुठे सुरू होते? ही आकृती बघणाऱ्यांसाठी केलीय, बाई. हे करणारीने आयुष्यात बोटांनी एक ओळ वाचलेली नाही."

ती तुला ओळखत नाही, आत्या. तू केल्यास एवढंही मी तिला सांगितलं नव्हतं. खरंच, तू ब्रेल डोळ्यांनीच वाचायचीस ना? मला कधी विचारायचं सुचलंच नाही.

रागावू नकोस.

तुझी भाची


६ ऑगस्ट

बाईसाहेब,

रागावू नकोस म्हणे. रात्रंदिवस पाठ मोडून बसले, डॉक्टरने मान वाकवू नका म्हणून सांगितलेलं असताना. आणि ही कालची कार्टी, जिला नाक धरलं तर तोंड उघडायची अक्कल नाही, ती मला वाचायला शिकवणार. मी ब्रेल डोळ्यांनी वाचायची. छापखान्यात तपासणाऱ्या सगळ्या बायका डोळ्यांनीच वाचायच्या, तिरका उजेड टाकून, ठिपक्यांची सावली बघून. त्याने कोणाचं काही अडलं नाही. तिच्या पुस्तकात एक तरी ठिपका चुकलेला दाखव म्हणावं.

उपकाराची जाण नसलेली माणसं डोळस असोत की आंधळी, एकाच माळेचे मणी. घेऊ दे तिला सूट. मुख्याध्यापकाला माझ्या आकृत्या काचेत लावायच्या असतील तर खुशाल लावू दे, निदान तो बघेल तरी.

यापुढे मला या शाळेबद्दल लिहू नकोस.

आत्या


२१ ऑगस्ट

आत्या,

तू लिहू नकोस म्हणालीस, आणि पंधरा दिवस मी लिहिलं नाही. आता लिहितेय, कारण दहाच दिवस उरलेत.

शंकासुरच्या वडिलांनी फॉर्मवर सही केली. त्यांना बारीक अक्षरं कोणी वाचून दाखवली नव्हती. ते कळल्यावर पोरगी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसली. घरी जा म्हटलं तर जाईना. शेवटी सौदा ठरला. तीस तारखेला विज्ञानाचे सर आम्ही आणलेल्यांतल्या तीन आकृत्या निवडतील. तिने त्या हाताने ओळखून समजावल्या तर फॉर्म पाठवायचा नाही. नाही जमलं तर तिने गुमान सूट घ्यायची. सर म्हणाले, "अन्याय नको, आकृत्या तुमच्याच आणा." किती मोठं मन. त्यांना माहीत आहे की आमच्याकडे बोटांना कळतील अशा आकृत्या नाहीत.

मी स्वतः करून पाहिल्या. शिंपी कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक आणलं, जाड कागद रबरावर ठेवून मागच्या बाजूने रेघा दाबल्या की पुढे ठिपक्यांची रेघ उठते. मागून काढायचं म्हणजे चित्र उलटं काढायला हवं, हे मी विसरले. माझ्या आकृतीत हृदय उजवीकडे गेलं. शंकासुर म्हणाली, हा पेशंट वाचत नाही.

आणखी एक. मुख्याध्यापकांच्या पुराव्याला उत्तर द्यावं म्हणून मी छापखान्याला पत्र लिहिलं होतं. कारकुनाने व्यवस्थित उत्तर पाठवलं. क्रमांक चारच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच बाई होती, एकतीस वर्षं.

जुलैत मी जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण ते तुला उद्देशून लिहिलंय हे माहीत असतं तर इतक्या खुशीत लिहिलं नसतं.

तुझी भाची


२५ ऑगस्ट

पोरी,

मागे घेऊ नकोस. नेमकं लिहिलं होतंस.

साहेब एकदाच म्हणाला होता, "आकृत्या गाळा, आंधळ्यांना चित्रं कशाला?" एकदाच. त्यानंतर त्याने कधी सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ते वाक्य मीच तयार केलं. सगळ्यांत कमी जागेत बसणारं, सभ्य वाटणारं. आणि ते बिनचूक टाइप करते याचा अभिमान बाळगला. तुझ्या मुख्याध्यापकावर मी इतकं तोंड सोडलं ना, त्याने नकाशाला काच लावली आणि मी एकशे त्रेचाळीस काचा लावल्या. त्याची निदान एकच.

तुझ्या पोरीचं बोलणं झोंबलं म्हणून तशी चिडले. दोन दिवसांनी भर दुपारी दार लावलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि माझ्याकडे उरलेली डोळ्याची दुसरी प्रत पुढे घेतली. भिंग सापडेना. स्वतः शिवलेलं भिंग. अर्धा तास चाचपलं आणि शेवटी ज्याला भिंग म्हणून बोट ठेवलं ती पापणी निघाली. मी एकटीच होते तरी लाज वाटली.

मग पुन्हा सुरू केलं. सोबत नऊ आकृत्या आहेत. लोकर नाही, मणी नाहीत, पापण्या नाहीत. पापणीचं भिंगाशी काय काम? एक आकृती म्हणजे एकच गोष्ट, रेघेला रेघ चिकटू द्यायची नाही, नावं बाजूच्या कागदावर. प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा कापलाय, म्हणजे कोपरा चाचपला की वर कुठे ते कळतं. प्रत्येक मी टॉवेल बांधून तपासली. सहा मला कळल्या. तीन कळल्या नाहीत, पण माझी बोटं मठ्ठ आहेत, तिची नाहीत.

दातेरी चाकाने काढताना आधी कागद खिडकीला लावून मागून गिरव. एवढंही शिकवत नाहीत का तुम्हाला?

तिला सांग, क्रमांक चार म्हणजे मी. मी केलेलं भरतकाम आणि मी गाळलेल्या आकृत्या, दोन्ही सांग.

आत्या


३१ ऑगस्ट

आत्या,

आत्ता सहा वाजलेत. सगळं सांगते, क्रमाने.

काल प्रयोगशाळेत मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर, शंकासुरचे वडील आणि मी. सरांनी तुझ्या नऊमधल्या तीन निवडल्या. कान पहिला. तिने बाहेरून आत बोट नेत पडदा, तीन हाडं, शंख, सगळं सांगितलं, वर हाडं हलली की पुढे काय होतं तेही. लहरी दुसऱ्या, त्यात तर ती सरांनाच शिकवू लागली. तिसरा डोळा. सरांनी कागद तिच्यासमोर ठेवला. ती बोट ठेवून थांबली, चेहरा कसनुसा झाला. सर घड्याळाकडे बघू लागले. मग तिने कागदाचे चारही कोपरे चाचपले, कापलेला कोपरा तिला खाली डावीकडे सापडला. तिने कागद फिरवला आणि म्हणाली, "सर, डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. आकृती उलटी ठेवायची नसते."

सर लाल झाले. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, तेवढी कल्पकता त्यांच्यात नाही. त्यांना कळलंच नव्हतं की तिला वर आणि खाली असतं. पुढचं तिने दोन मिनिटांत संपवलं. बाहेर पडताना सर नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले की उरलेल्या आकृत्या कधी येणार.

मुख्याध्यापकांनी फॉर्म फाडला वगैरे नाही. त्यांनी तो खणात टाकला आणि मला म्हणाले, "आपल्या शाळेने हे करून दाखवलं." आज पाच वाजता मुदत संपली. मी शेवटचा अर्धा तास त्यांच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले आणि खणाकडे बघत राहिले. खण उघडला नाही.

तुझ्याबद्दल तिला सांगितलं, दोन्ही. आज माझ्या टेबलावर एक लिफाफा ठेवून गेली, तुझ्यासाठी. ब्रेलमध्ये आहे. मी वाचलेलं नाही.

तुझी भाची


३१ ऑगस्ट

क्रमांक चार यांस,

हे पत्र बोटांनी वाचा. डोळ्यांनी वाचलंत तर मला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल.

तुमची कानाची आकृती चांगली आहे. भिंगाची बरी आहे. सहाव्या आकृतीत दोन रेघा अजून चिकटल्यात, ती पुन्हा करा. नऊ झाल्या, एकशे चौतीस राहिल्या. परीक्षा मार्चमध्ये आहे आणि माझ्यानंतर सातवीत एक मुलगा आहे, तो माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो.

बाईंनी तुमच्याबद्दल बरंच सांगितलं. तुम्ही कशा दिसत असाल त्याचं मी पाटीवर टोच्याने ठिपके पाडून एक चित्र काढलं, आणि ते याच पत्राच्या शेवटी लावणार होते.

आकृती गाळली आहे.

शंकासुर


१० सप्टेंबर

शंकासुर,

तुझं पत्र पानभराचं. मला ते वाचायला पाच दिवस लागले, रोज दुपारी थोडं थोडं, टॉवेल बांधून. 'चांगली' हा शब्द मी आधी चुकीचा वाचला, परत मागे जाऊन नीट वाचला. शेवटचं वाक्य मात्र बोट ठेवताक्षणी ओळखलं. आजवर ते मी हजारो वेळा टाइप केलं असेल, वाचलं पहिल्यांदाच. वाचणाऱ्याला ते कसं लागतं ते आता कळलं.

सहावी पुन्हा केलीय. दहा ते पंधरा सोबत आहेत. उरलेल्या मार्चच्या आत पोचतील, आणि सातवीतल्या मुलाला सांग की त्याच्याही प्रश्नांची यादी पाठवायची.

ते चित्र पाठव. जसं असेल तसं.

क्रमांक चार